पोटाचा घेर, मेटाबॉलिक सिंड्रोम आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस: कामाला कुठून लागायचं?

रिपोर्टमध्ये साखर काठावर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेलं, सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' आणि डॉक्टरांचा सल्ला एका ओळीचा: वजन कमी करा. घरी येऊन माणूस मोबाइलवर शोधायला बसतो. तिथे 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हा शब्द दिसतो आणि त्याच्या खालोखाल अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची जाहिरात. शरीरात काहीतरी कमी पडतंय, ते बाहेरून घेतलं की भागेल, असा समज इथेच पक्का होतो. लठ्ठपणातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मुख्यतः अतिरेकातून येतो. त्यामुळे त्यावरचे उपायही निराळे आहेत. ते क्रमाने केले, तर बहुतेकांना आवाक्यातले आहेत. हा क्रम का, हे कळावं म्हणून आधी शरीरात काय घडतं ते पाहू.

शरीरात नेमकं काय बिघडतं

आपल्या पेशींमधल्या मायटोकाँड्रिया अन्न आणि प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करतात. हे होताना थोडे फ्री रॅडिकल्स, म्हणजे आजूबाजूच्या रेणूंना इजा करू शकणारे अस्थिर कण, सुटतातच. त्यातले काही शरीराला लागतात: जंतू मारायला, पेशीपेशींत निरोप पोचवायला. जास्तीचे आवरायला शरीराची स्वतःची फौज असते, त्यात सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज आणि ग्लुटाथायोन ही मुख्य नावं. तयार होणारे जास्त आणि आवरणारी यंत्रणा अपुरी, असा तोल गेला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी 1985 मध्ये ही कल्पना या नावाने मांडली.

चुलीत मावतील त्यापेक्षा जास्त लाकडं कोंबली की आच वाढत नाही, धूर होतो. गरजेपेक्षा जास्त साखर आणि चरबी सतत येत राहिली की पेशीचंही असंच होतं. इंधन पुरतं जळत नाही आणि फ्री रॅडिकल्स वाढतात.

यात चरबीच्या पेशी स्वतः भर घालतात. फुगलेल्या चरबीत एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम जोर धरतं आणि तिथूनच फ्री रॅडिकल्स बाहेर पडू लागतात, हे जपानी संशोधकांनी 2004 मध्ये लठ्ठ उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं. चरबी जितकी जास्त तितक्या रक्तातल्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या खुणा जास्त, हे त्यांना माणसांतही आढळलं. या गडबडीत चरबीच्या पेशींतून येणारं ॲडिपोनेक्टिन हे चांगलं हार्मोन कमी होतं. ते कमी झालं की इन्सुलिनचा प्रभाव घटतो. मग साखर आणि फॅटी ॲसिड्स रक्तात जास्त वेळ राहतात आणि पेशींवर पुन्हा इंधनाचा मारा होतो. रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड फ्री रॅडिकल्समुळे वाया जातं, म्हणून बीपी चढतं. एलडीएल कोलेस्टेरॉलचं ऑक्सिडेशन होतं आणि ते रक्तवाहिनीच्या भिंतीत साचायला लागतं. साखर, बीपी, चरबी आणि लिव्हर ही चार वेगळी दुखणी वाटतात, पण त्यांची मुळं आत कुठेतरी एकमेकांत गुंतलेली असतात.

पहिलं काम: टेप घ्या

वजनकाट्याच्या आधी शिवणकामाची टेप. काटा एकूण भार सांगतो, पोटाच्या आत आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये साठलेल्या चरबीचा अंदाज मात्र कमरेच्या घेरावरून येतो. त्रास देणारी चरबी प्रामुख्याने ती.

माप घेताना कपडा बाजूला करा. कुशीत बोटाने चाचपून शेवटची बरगडी शोधा, मग खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा. दोन्हींच्या मधोमध टेप जमिनीला समांतर फिरवा. पोट आत ओढू नका. साधा श्वास सोडा आणि सोडून झाल्यावर आकडा वाचा. टेप त्वचेला टेकलेली हवी, रुतलेली नको. पँटचा नंबर ग्राह्य धरू नका, कारण पोट सुटलं की पँट पोटाच्या खाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो.

भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर. टेप नसेल तर सुतळीवर चालतं: आपल्या उंचीएवढी सुतळी कापा, बरोबर निम्मी दुमडा आणि कमरेभोवती गुंडाळा. टोकाला टोक लागत नसेल, तर घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. तो निम्म्याच्या आत असावा.

'मी तर जाड नाही' म्हणणाऱ्यांनी हे माप जरूर घ्यावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर आयुष्यभर काम केलं आहे. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभे असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. हातपाय बारीक, स्नायू कमी आणि पोटात चरबी, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय 23 च्या पुढे जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा मानतात.

दुसरं काम: रिपोर्ट एकत्र मांडून वाचा

पाच गोष्टी पाहायच्या. कमरेचा घेर वर सांगितलेल्या मर्यादेएवढा किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड 150 मिग्रॅ किंवा जास्त. एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत 40 पेक्षा, स्त्रियांत 50 पेक्षा कमी. बीपी 130/85 किंवा जास्त. उपाशीपोटी साखर 100 किंवा जास्त. यातल्या कोणत्याही तीन जुळल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम. एखाद्यासाठी औषध चालू असेल, तर आकडा नॉर्मल दिसला तरी ती जुळलीच असं धरतात.

समजा, 42 वर्षांचे एक गृहस्थ आहेत. उंची 168 सेंटिमीटर, वजन 70 किलो, म्हणजे बीएमआय 24.8. साखर 98, बीपी 128/82. 'साखर नाही, बीपी नाही' म्हणून घरचे निर्धास्त. पण कमर 94, ट्रायग्लिसराइड 188, एचडीएल 36. तीन खुणा जुळल्या. एकेक आकडा सुटा पाहिला की 'थोडं वर-खाली आहे' एवढंच कानावर येतं. म्हणून एका कागदावर पाचही आकडे तारखेसह लिहून काढा आणि तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा.

सोबत एचबीए1सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज; 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर), लिव्हरची एन्झाइम्स एसजीओटी आणि एसजीपीटी, प्लेटलेट आणि किडनीसाठी क्रिएटिनिन करून घ्यावं. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली असेल, तर डॉक्टरांना 'फिब-4 किती येतो' हे विचारा. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्यावरून तो काढता येतो, वेगळा खर्च नाही. तो साधारण 1.3 च्या वर असेल, तर लिव्हर कडक होऊ लागलं आहे का, याची पुढची तपासणी करतात. फॅटी लिव्हर 'सगळ्यांनाच असतं' म्हणून झटकून टाकू नका.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजायच्या तपासण्या आहेत, मॅलॉनडायअल्डिहाइड किंवा लघवीतले आयसोप्रोस्टेन. संशोधनात त्या उपयोगी पडतात. उपचार मात्र त्यांच्या आकड्यावर ठरत नाहीत. महागड्या 'पॅकेज'मध्ये त्या असतील, तर तो पैसा वाचवा.

तिसरं काम: ताट

सगळ्यात जास्त फरक पडतो तो ताटात, त्यामुळे इथे जरा रेंगाळू.

जेवणानंतर साखर किती उंच उडी मारते, याचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसशी थेट संबंध आहे. 2006 मध्ये फ्रेंच संशोधकांना टाइप 2 मधुमेहींत असं दिसलं, की लघवीतल्या आयसोप्रोस्टेनचा मेळ साखरेच्या सरासरीपेक्षा दिवसभरातल्या चढउतारांशी जास्त बसतो. म्हणजे एकूण खाणं कमी करणं हे एक काम आणि या उड्या बुटक्या करणं हे दुसरं.

आपलं रोजचं दुपारचं जेवण बघा. तीन चपात्या, बटाट्याची भाजी, पातळ वरण आणि वर भात. जवळजवळ सगळंच पिष्ट. त्याच ताटाची मांडणी बदला: एक मध्यम भाकरी किंवा दोन लहान फुलके, मोठी वाटी भरून मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, वाटीभर पालेभाजी, काकडी-गाजराची साखर न घातलेली कोशिंबीर आणि ताक. भात हवाच असेल तर लहान वाटी, तोही घट्ट वरणासोबत. खायचा क्रमही बदला. आधी कोशिंबीर आणि उसळ, भाकरी-भात नंतर. डाळी, भाज्या, अंडी, मासे असं आधी पोटात गेलं की मागून येणाऱ्या पिष्टाची साखर सावकाश चढते.

भाकरीबद्दल एक गैरसमज घट्ट आहे. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण ती मोजून. 60 ग्रॅम पिठाच्या मोठ्या भाकरीत जवळपास 40 ग्रॅम पिष्ट असतं, म्हणजे दोन चपात्यांएवढं. चपात्या सोडून तीन भाकऱ्या खाल्ल्या तर हाती काही लागत नाही.

प्रथिनं आपल्याकडे कमीच पडतात. पातळ आमटीत डाळ नावालाच असते. वरण घट्ट करा, सकाळच्या पोह्यांत मोड आलेले मूग घाला किंवा सोबत अंडं घ्या. किनाऱ्यावरच्या मंडळींना तर बांगडा आणि तारली ही दैवाने दिलेली देणगी आहे. दोन्हींत ओमेगा-3 भरपूर. फक्त रव्यात घोळवून तळण्याऐवजी बांगड्याचं तिखलं करा.

साखरेचा हिशेब चहापासून सुरू होतो. सपाट चमचा म्हणजे साधारण 5 ग्रॅम साखर. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे नुसत्या चहातून 40 ग्रॅम. वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. एकदम बंद केली तर बहुतेकांचं दोन दिवसांत फसतं. आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा, जीभ हळूहळू सरावते. गूळ आणि मध यांनाही हाच नियम, तिथे सवलत नाही. उसाचा रस, आमरस, फळांचे डब्यातले रस, कोल्ड्रिंक यांतली साखर पातळ रूपात एका दमात येते आणि तिच्यातल्या फ्रुक्टोजचं लिव्हरमध्ये चरबीत रूपांतर होतं. फॅटी लिव्हर असलेल्यांनी सर्वात आधी हे थांबवावं. फळ चावून खा: पेरू, संत्रं, पपई, जांभूळ.

तेलाचं माप रोज काढत बसू नका, महिन्याचं काढा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत 2000 कॅलरीच्या आहारात तेल-तूप मिळून दिवसाला 27 ग्रॅम धरलं आहे. चौघांच्या घरात हे महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास जातं, तूप-लोणी धरून. आपल्याकडे किती डबे लागतात ते वाण्याच्या बिलावर लगेच कळेल. तळून उरलेलं तेल पुन्हा कडकडीत तापवून तळायला घेऊ नका. वारंवार तापलेल्या तेलात ऑक्सिडेशन झालेले पदार्थ साठतात. तेल तापून बिघडलं की वाढणाऱ्या 'पोलर घटकांवर' सरकारने 25 टक्क्यांची मर्यादा याचसाठी घातली आहे. गाडीवरचा वडा ज्या काळपट तेलातून निघतो, त्याची काळजी आपणच घ्यायची.

उपवासाबद्दल स्पष्टच लिहितो. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ आणि वर गोड चहा, हा उपवास साखरेला नेहमीच्या जेवणापेक्षा जड जातो. उपवास करायचाच तर दही, ताक, मूठभर शेंगदाणे, राजगिरा, फळ असा करा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये, साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

मग आवळा, हळद, लसूण, जवस यांचं काय? जरूर खा. भाज्या-फळांतले अनेक घटक जाऊन एकेक फ्री रॅडिकल पकडतात, असं चित्र रंगवलं जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांतले काही घटक पेशीतला एनआरएफ-2 नावाचा स्विच चालू करतात आणि मग शरीर स्वतःची संरक्षक एन्झाइम्स वाढवतं. म्हणून रोज थोडं थोडं आणि वेगवेगळ्या रंगांचं खाणं कामी येतं. जवसाची किंवा कारळाची चटणी, शेवग्याचा पाला, लाल माठ, साखर न घातलेलं कोकमाचं पाणी हे महागडं नाही आणि शोधत फिरायलाही लागत नाही.

चौथं काम: जेवणानंतर उठा आणि स्नायू वाढवा

जेवून दहा-पंधरा मिनिटं चाला. पायांचे स्नायू हलले की ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर खेचून घेतात. रात्रीचं जेवण मोठं असणाऱ्या घरांत रात्रीची शतपावली सर्वात मोलाची. याशिवाय आठवड्याला 150 मिनिटं भराभर चालणं हवं. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागायला हवा.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम करा. आपल्याकडे स्नायू मुळातच कमी, आणि खाल्लेल्या साखरेचं सर्वात मोठं गोदाम तेच. जिम लागत नाही: खुर्चीवरून हात न टेकवता उठबस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं. चालताना छातीत दडपण, नेहमीपेक्षा जास्त धाप किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

व्यायाम करताना फ्री रॅडिकल्स वाढतातच. तेच शरीराला जागं करतात आणि त्याच्या उत्तरादाखल संरक्षक यंत्रणा बळकट होते. 2009 मध्ये जर्मनीत मिखाएल रिस्टो यांच्या गटाने तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज 1000 मिग्रॅ व्हिटॅमिन सी आणि 400 युनिट व्हिटॅमिन ई दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांत इन्सुलिनचा प्रभाव सुधारला, घेणाऱ्यांत सुधारला नाही. अभ्यास लहान होता, पण व्यायामासोबत मोठ्या डोसच्या गोळ्या सरसकट घेऊ नयेत, याला एवढं कारण पुरेसं आहे.

झोप आणि तंबाखू

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, सकाळी डोकं जड, दिवसा पेंग: यांतलं काही असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी मागा. या आजारात रात्रभर प्राणवायू खाली-वर होत राहतो आणि प्रत्येक हेलकाव्याला फ्री रॅडिकल्स वाढतात. घोरणं घरच्यांनाच ऐकू येतं, म्हणून सोबत जोडीदाराला न्या. बीपी दोन-तीन गोळ्यांनीही आटोक्यात येत नसेल, तर ही शंका आधी घ्यावी.

तंबाखू धुराची असो, मळलेली असो की मिश्रीची, ती सोडल्याशिवाय बाकीचे उपाय अर्धेच. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावात चाललेल्या दीर्घकालीन हृदय-अभ्यासाच्या 2003 च्या निष्कर्षांत धूम्रपान, मधुमेह आणि वाढलेला बीएमआय या तिन्हींचा वाढलेल्या आयसोप्रोस्टेनशी संबंध दिसला होता. मिश्री लावणाऱ्या आई-आजीला कुणी कधी तंबाखूबद्दल विचारतच नाही. विचारा.

कॅप्सूलचं काय

मोठ्या चाचण्या होऊन गेल्या आहेत आणि त्यांचा कौल स्वच्छ आहे. 2000 सालच्या होप चाचणीत रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई देऊन हृदयविकार टळला नाही. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन दिलं, तर फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी वाढला. हे 1994 मध्ये जाहीर झालं. 2011 मध्ये सिलेक्ट चाचणीत व्हिटॅमिन ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्क्यांनी जास्त आढळला. एक अपवाद आहे: मधुमेह नसलेल्या आणि बायॉप्सीत लिव्हरला सूज सिद्ध झालेल्या काहींना डॉक्टर व्हिटॅमिन ई देतात. तो निर्णय तज्ज्ञांचा, दुकानदाराचा नाही.

हळद भाजीत उत्तम. मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या, हळदीतल्या कुरकुमिनच्या कॅप्सूल आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. लिव्हर आधीच थकलेलं असताना हा धोका कशाला? 'अशक्तपणा वाटतो' म्हणून आपल्या मनाने लोहाचं टॉनिकही घेऊ नका. मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची खूण) बऱ्याचदा वाढलेलं असतं आणि मोकळं लोह फ्री रॅडिकल्स वाढवतं. आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन पाहा, कमी असेल तर जरूर घ्या.

लक्ष्य किती आणि तपासणी केव्हा

सध्याच्या वजनाच्या 7 टक्के हे पहिलं लक्ष्य. 80 किलोच्या माणसाला साडेपाच किलो. अमेरिकेत 2002 मध्ये जाहीर झालेल्या मधुमेह प्रतिबंध चाचणीत एवढंच लक्ष्य आणि आठवड्याला 150 मिनिटांची हालचाल ठेवली होती. मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाच्या 2006 च्या भारतीय चाचणीतही आहार-व्यायामाने ते साडेअठ्ठावीस टक्क्यांनी कमी झालं. आठवड्याला अर्धा किलोपर्यंतचा वेग ठीक. दीड किलोपेक्षा जास्त वेगाने उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

महिन्यातून एकदा, त्याच वेळी, सकाळी पोट रिकामं असताना कमर मोजा. काटा हलला नाही आणि कमर दोन सेंटिमीटरने उतरली, तरी काम योग्य दिशेने चाललं आहे. ट्रायग्लिसराइड लवकर बदलतं, तीन महिन्यांनी पुन्हा करा, एचबीए1सी त्यासोबत. एचडीएल सावकाश सरकतं, त्यावरून निराश होऊ नका. बीपी घरीच, पाच मिनिटं शांत बसून, दोनदा घ्या आणि लिहून ठेवा.

बीपी, साखर किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर आकडे सुधारले म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका. वजन उतरत असताना चक्कर येणं, घाम फुटून हातपाय थरथरणं असं झालं, तर डोस जास्त होत असण्याची शक्यता असते. लगेच साखर आणि बीपी मोजा. साखर 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.